आयक्यू ८९ आलाय, ठशांचा रिपोर्ट वेगळंच सांगतोय, मुलीबद्दल नक्की काय समजायचं?

जुळेसोलापूर_आई

नमस्कार, जरा लांब लिहितेय पण पूर्ण वाचा प्लीज. मुलगी पाचवीला आहे, मराठी माध्यम, सेमी. घरात आम्ही तेलुगू बोलतो, लहानपणी ती दिवसभर सासूबाईंकडंच असायची त्यामुळं बालवाडीत जाईपर्यंत तिला मराठी फारसं येतच नव्हतं, आता बोलते छान पण धडा वाचायला दिला की अडखळते आणि गणितातली शाब्दिक उदाहरणं तर सरळ सोडून देते. तोंडी हिशोब मात्र माझ्या आधी करते. शाळेतल्या बाई म्हणाल्या एकदा बुद्ध्यांक तपासून घ्या, म्हणून एका सायकॉलॉजिस्टकडं नेलं, दीड-दोन तास टेस्ट झाली, मराठीतून प्रश्न विचारले, काही ठोकळे वगैरे जुळवायला दिले. एका पानाचा रिपोर्ट मिळाला, खाली लिहिलंय आयक्यू ८९ आणि पुढं लो अ‍ॅव्हरेज. समजावून सांगायला त्यांना वेळच नव्हता, बाहेर रांग होती.

ते कमी म्हणून की काय, ती ज्या नवोदयच्या क्लासला जाते तिथं एक स्कीम आली. मशीनवर दहा बोटांचे ठसे घेतात आणि मुलाची जन्मजात बुद्धिमत्ता सांगतात, साडेतीन हजार रुपये. वर्गातल्या बहुतेक सगळ्यांनी केली म्हणून आम्हीपण केली. चाळीस पानांचा रंगीत रिपोर्ट आला, त्यात संगीत आणि शारीरिक बुद्धिमत्ता सगळ्यात जास्त, तर्क आणि गणित सगळ्यात कमी, उजवा मेंदू जास्त चालतो, आणि शेवटी लिहिलंय पुढं सायन्सला घालू नका. मुलगी आत्ता दहा वर्षांची आहे हो.

घरात आता तोच विषय चाललाय. सासूबाई म्हणतात देवानं डोक्यात घातलंय तेवढंच असणार, मिस्टर म्हणतात नवोदयचा क्लास बंद करू उगाच तिला त्रास. आणि पोरगी परवा मला विचारते, आई मी ढ आहे का. मला झोप लागत नाहीये. ८९ म्हणजे खरंच किती कमी? हा आकडा आयुष्यभर तसाच राहतो का? आणि दोन्हीतला खरा रिपोर्ट कुठला धरायचा?

सातरस्ता_समुपदेशक

ताई, आधी मुलीच्या प्रश्नाचं उत्तर, ती ढ नाही. हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही, तुमच्याच रिपोर्टवरून सांगतोय.

आयक्यू म्हणजे शंभरपैकी मार्क नव्हेत, सगळ्यात जास्त घोटाळा इथंच होतो, ८९ म्हटलं की लोकांना वाटतं ८९ टक्के किंवा मग नापास. त्या वयाच्या मुलांची सरासरी १०० धरलेली असते आणि १५ गुणांचं एक अंतर मानलेलं असतं, त्यामुळं साधारण ६८ टक्के मुलं ८५ ते ११५ च्या मध्ये येतात. तुमची मुलगी त्या ६८ टक्क्यांत आहे. तिच्या वयाची शंभर मुलं घेतली तर साधारण तेवीस तिच्या मागं असतील. आणि लो अ‍ॅव्हरेज हा शब्द ८० ते ८९ साठी वापरायची पद्धत आहे, ९० पासून अ‍ॅव्हरेज लिहितात. म्हणजे एका गुणानं शब्द बदलला. प्रत्येक टेस्टमध्ये मोजण्याची चूक धरलेली असते, त्याच मुलीला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खोलीत बसवलं तर चार-पाच गुण इकडं तिकडं होतात, म्हणून खरं तर रिपोर्टवर ८४ ते ९४ च्या दरम्यान असं लिहायला पाहिजे. मी तसंच लिहितो.

आता महत्त्वाचं. ठोकळे जुळवायला दिले म्हणताय म्हणजे बहुतेक मालिन यांची चाचणी असणार, ही डेव्हिड वेक्सलरच्या मुलांच्या चाचणीवरून नागपूरला १९६९ च्या सुमारास भारतीय मुलांसाठी बसवलेली आहे. तिचे दोन भाग असतात, एक भाषेचा (सामान्य माहिती, शब्दार्थ, साम्य सांगा, तोंडी गणित, आकडे परत म्हणा असे) आणि एक हातानं करायचा (अपुरं चित्र ओळखणं, ठोकळ्यांची नक्षी, तुकडे जोडणं, कोडिंग म्हणजे आकड्यापुढं ठरलेली खूण भराभर काढणं, चक्रव्यूह). दोन्हीचा वेगवेगळा आयक्यू निघतो आणि मग सरासरी काढतात. तुमच्या हातात फक्त सरासरी दिलीय. घरात तेलुगू बोलणाऱ्या मुलीच्या बाबतीत नुसती सरासरी देणं मला अजिबात पटत नाही. परत जा आणि दोन्ही भागांचे आकडे लेखी मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे, पैसे भरलेत तुम्ही. ते इथं टाका मग बोलू.

ठशांचा रिपोर्ट मात्र कपाटातसुद्धा ठेवू नका. त्याला काहीही शास्त्रीय आधार नाही, इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीनं तसं जाहीर निवेदन दिलेलं आहे. हे लोक सांगतात की बोटांवरच्या रेषा आणि मेंदू गर्भात एकाच काळात तयार होतात म्हणून रेषांवरून मेंदू कळतो. अहो त्या काळात मूत्रपिंडंपण तयार होत असतात, म्हणून काय ठशांवरून किडनी तपासणार का? आणि हा विचार कुणी केलाच नाही असंही नाही. ठसे आणि बुद्धी, दोन्ही विषयांच्या अभ्यासाची सुरुवात ज्यांच्या नावावर आहे तो माणूस एकच, फ्रान्सिस गाल्टन. त्यानं १८८४ ला लंडनच्या प्रदर्शनात तीन पेन्स घेऊन लोकांची नजर, श्रवण, प्रतिक्रियेचा वेग मोजायची प्रयोगशाळा उघडली होती, आणि १८९२ ला ठशांवर आख्खं पुस्तक लिहिलं. बुद्धी आनुवंशिक असते हे सिद्ध करायची त्याला केवढी तरी इच्छा होती, तरीपण त्यानं त्या पुस्तकात साफ लिहून ठेवलंय की मोठमोठ्या विचारवंतांचे आणि जन्मतः मतिमंद असलेल्यांचे ठसे एकसारखे सापडतात. सव्वाशे वर्षांपूर्वीच तपासून बाद झालेली गोष्ट आहे ही, आणि आज साडेतीन हजाराला विकली जातेय.

मोहोळ_गुरुजी

जिल्हा परिषदेच्या शाळेत हयात गेली माझी, स्कॉलरशिप आणि नवोदयची मुलं बसवली, म्हणून बोलतो.

ताई, ही मोजदाद सुरू कशासाठी झाली ते आधी समजून घ्या, म्हणजे निम्मी भीती जाईल. फ्रान्समध्ये शाळा सक्तीची झाली, सगळ्या थरातली पोरं वर्गात आली, काही मागं पडायला लागली. १९०४ ला सरकारनं समिती नेमली की अशा मुलांचं काय करायचं. तोवर मास्तर सांगेल ते खरं असायचं, मास्तरला पोरगं आवडलं नाही की ते मंद. आल्फ्रेड बिने त्या समितीत होता, त्यानं आणि थिओडोर सिमोननं १९०५ ला तीस प्रश्नांची पहिली चाचणी केली, सोप्याकडून अवघडाकडं. कुठल्या मुलाला जादा शिकवणीची गरज आहे ते कळावं, एवढाच हेतू. बिनेनं तिला कधी जन्मजात बुद्धीची मोजपट्टी म्हटलं नाही. उलट १९०९ मध्ये त्यानं लिहिलं की बुद्धी ठरलेली असते आणि वाढत नाही असं म्हणणारे लोक क्रूर निराशावादी आहेत, त्यांच्याविरुद्ध उभं राहिलं पाहिजे, आणि मागं पडलेल्या मुलांसाठी लक्ष, स्मरण, निरीक्षण वाढवायचे व्यायाम त्यानं स्वतः तयार केले. १९११ ला तो वारला आणि मग बाकीच्यांनी त्याच्या चाचणीचं काय केलं ते वाचून जीव तळमळतो.

मानसिक वय (म्हणजे पोराला ज्या वयाच्या मुलांइतकं जमतं ते वय) भागिले खरं वय हे विल्यम स्टर्न या जर्मन माणसानं १९१२ ला आणलं, त्याला शंभरनं गुणायचं अमेरिकेत टर्मननं सुरू केलं, १९१६ ला. आणि त्याच अमेरिकेत गॉडार्ड नावाच्या गृहस्थानं बोटीतून उतरलेल्या, थकलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या माणसांना दुभाष्या लावून ही चाचणी दिली आणि त्यातल्या बहुसंख्य लोकांना मंदबुद्धी ठरवलं. पहिल्या महायुद्धात सतरा लाखांच्या आसपास सैनिकांची परीक्षा घेतली, त्यावरून ब्रिगहॅम नावाच्या प्राध्यापकानं १९२३ ला पुस्तक लिहिलं की अमुक देशाची माणसं बुद्धीनं कमी, तमुक देशाची जास्त. त्यानंच १९३० ला लिहून दिलं की ते निष्कर्ष टिकत नाहीत, कारण घरात दुसरी भाषा बोलणाऱ्यांची इंग्रजीतून परीक्षा घेतलेली होती. आता तुमच्या घरातली तेलुगू आणि टेस्टमधली मराठी आठवा.

आपल्या भागात हे भान जुनं आहे बरं का. धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिनेची चाचणी मराठी आणि कानडी दोन्ही भाषांत बसवली, बिने-कामत म्हणून अजून वापरतात. मुंबई इलाख्यातल्या मुलांना परकी भाषा आणि परके प्रश्न देऊन चालणार नाही हे त्यांना तेव्हा कळलं होतं. सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांची पोरं एका बाकावर बसतात, इथं तर हे पहिल्यांदा बघायला पाहिजे.

नवोदयचा क्लास बंद करू नका. त्या पेपरात ८० प्रश्न असतात, त्यातले ४० मानसिक क्षमतेचे, आकृत्यांचे. वेगळी आकृती शोधा, आरशातली प्रतिमा, आकृती पूर्ण करा, लपलेली आकृती, यात वाचायला काहीच नसतं. तोंडी हिशोब जमणाऱ्या मुलीला ५० मार्कांचा तो भाग जमू शकतो. आणि स्कॉलरशिपचा बुद्धिमत्तेचा पेपर घ्या, दिवाळीपर्यंत सांकेतिक भाषा आणि रांगेतलं स्थान या प्रश्नांना रडणारी पोरं जानेवारीत पटापट सोडवतात हे मी दर वर्षी बघितलंय. सरावानं एवढं बदलतं ते जन्मजात कसं म्हणायचं?

हिंजवडीतला_सोलापूरकर

गुरुजींबद्दल आदर आहे पण एक बाजू राहतेय म्हणून लिहितो. आयक्यू म्हणजे सगळी फसवणूक असा सूर निघायला नको. ठशांचा धंदा आणि आयक्यू टेस्ट या एका पंगतीत बसवायच्या गोष्टी नाहीत.

१९०४ ला चार्ल्स स्पिअरमनला दिसलं की एका विषयात वर असलेली मुलं साधारणपणे बाकीच्या विषयांतही वर असतात, भाषा असो, गणित असो, आवाजातला फरक ओळखणं असो, सगळ्याचा एकमेकांशी संबंध लागतो. यामागं एक सामान्य क्षमता आहे असं त्यानं मांडलं, तिला जी फॅक्टर म्हणतात. नंतर थर्स्टननं १९३८ ला सांगितलं एक नाही, सात वेगवेगळ्या मूलभूत क्षमता आहेत, गिलफर्डनं तर १९६७ मध्ये १२० पर्यंत नेल्या, पण १९९३ ला जॉन कॅरोलनं चारशेच्या वर जुने डेटासेट परत तपासले आणि चित्र असं आलं की खाली बारीक बारीक कौशल्यं, मध्ये काही मोठे गट आणि वर ती एक सामान्य क्षमता. म्हणजे दोघंही काही प्रमाणात बरोबर. आणि आकडा टिकतो हेपण खरंय. स्कॉटलंडमध्ये १९३२ ला त्या वर्षीच्या अकरा वर्षांच्या जवळजवळ सगळ्या मुलांची टेस्ट घेतली होती, त्यातल्या काहींना ऐंशीच्या आसपास गाठून तीच टेस्ट परत दिली तर सहसंबंध ०.६६ आला (१ म्हणजे दोन्ही निकाल तंतोतंत जुळले, ० म्हणजे काहीच संबंध नाही). जवळपास सत्तर वर्षांनी! हे कमी नाही.

आणि ठशांवाले जे संगीत बुद्धिमत्ता, शारीरिक बुद्धिमत्ता म्हणतात ते हॉवर्ड गार्डनरचं १९८३ चं मांडणं आहे, त्यानं सात सांगितल्या, मग निसर्गाची आठवी जोडली. ऐकायला गोड वाटतं, प्रत्येक मूल कशात तरी हुशार, पालक खूश, शाळा खूश. पण या आठ बुद्धिमत्ता एकमेकांपासून स्वतंत्र आहेत हे मोजून दाखवता आलेलं नाही, आणि गार्डनरनं त्या ठशांवरून काढायला कधीच सांगितलं नव्हतं. त्याचं नाव घेऊन हे लोक रंगीत पाय चार्ट विकतात याचा मला मनापासून राग येतो.

अजून एक. मालिनची चाचणी १९६९ ची असेल तर तिची सरासरीपण तेव्हाच्या मुलांची. जेम्स फ्लिननं १९८४ पासून दाखवलंय की पिढ्यान्पिढ्या लोकांचे स्कोअर दर दहा वर्षांना साधारण तीन गुणांनी वाढत आलेत. मग जुन्या मापानं आजच्या मुलीचा ८९ आला तर नव्या मापानं तो अजून कमी येईल, हेपण प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे ना?

सातरस्ता_समुपदेशक

बरोबर आहे, सांगायलाच पाहिजे. जुन्या मापानं स्कोअर फुगतो. पण परक्या भाषेनं आणि घाईत घेतलेल्या टेस्टनं तो पडतो, आणि तिच्या बाबतीत कुठलं किती झालंय हे आपल्याला इथून कळणार नाही. म्हणून तर मी एका आकड्यावर बोलतच नाही, आतले आकडे मागतोय. आणि फ्लिनच्या शोधाची दुसरी बाजूपण लिहा की, दोन-तीन पिढ्यांत माणसाची जनुकं बदलत नाहीत, तरी स्कोअर एवढे वाढले, म्हणजे शाळा, आहार, आजारपण, आकृत्यांची सवय यांचा हात केवढा मोठा. स्टुअर्ट रिची आणि टकर-ड्रॉब यांनी २०१८ ला सहा लाखांवर लोकांचा डेटा एकत्र केला, शाळेचं एक जादा वर्ष मिळालं तर आयक्यू साधारण १ ते ५ गुणांनी वाढतो असं निघालं. स्कॉटलंडचा ०.६६ पण हेच सांगतो, क्रम बराचसा टिकतो पण सगळा नाही.

साखरपेठ_विणकर

अक्का, मी पण तेलुगू घरातलाच. तुमचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहालोय, टायपिंग चुकलं तर समजून घ्या.

आमचे नाना चौथी शिकलेले, मराठी वाचताना ओळीखाली बोट लावायचे. पण चादरीचं डिझाइन ग्राफ पेपरवर बघितलं की जकार्डच्या (मागावर नक्षी उचलणाऱ्या यंत्राच्या) कुठल्या कार्डात कुठं भोक पाहिजे ते तोंडानं सांगायचे, मोर उलटा पडणार, इथं दोन घरं सरकवा. कापड विणायच्या आधी त्यांना ते डोळ्यापुढं दिसायचं. त्यांना कुणी मराठी शब्दार्थ विचारून आयक्यू काढला असता तर काय आला असता? आणि ठोकळ्यांची लाल-पांढरी नक्षी जुळवा म्हटलं असतं तर? माझ्या मते त्या टेस्टमधलं ठोकळ्याचं काम आणि नानांचं काम एकच. म्हणून सर म्हणालेत तसं दोन्ही आकडे मागून घ्याच.

दुसरं, तोंडी हिशोब येतो आणि शाब्दिक उदाहरण येत नाही हे फक्त तुमच्या पोरीचं नाही. ब्राझीलच्या रेसिफे गावात १९८५ ला अभ्यास झालेला, रस्त्यावर नारळ-फळं विकणारी पोरं. गिऱ्हाईक बनून हिशोब विचारला तर ९८ टक्के बरोबर, तेच आकडे नंतर कागदावर नुसत्या बेरीज-गुणाकाराच्या रूपात दिले तर ३७ टक्के. तीच पोरं, तेच आकडे! आणि आता २०२५ ला अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो यांच्या टीमनं कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या पोरांवर तसंच काम केलंय, तिथंपण बाजारातला हिशोब पक्का आणि पुस्तकातला अडलेला, आणि उलट शाळेतल्या हुशार पोरांना बाजारातला हिशोब जमला नाही. आपल्या लक्ष्मी मंडईत सकाळी जाऊन उभं राहा, बापाच्या गाडीवरची पोरं बघा. त्यांना गणित येतंय, फक्त शाळेच्या भाषेत येत नाही, आणि तो पूल बांधायचं काम शाळेचं आहे, पोराचं नाही.

शाब्दिक उदाहरण तिला आधी तेलुगूत सांगून बघा. वाचून दाखवू नका, सांगा. मग सुटतंय का बघा आणि इथं लिहा.

माढा_ऊसवाला

मूळ विषयापासून जरा लांब आहे पण आपल्या जिल्ह्याशी संबंध आहे म्हणून. २०१३ ला सायन्स मासिकात एक अभ्यास आलेला, तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवर. तेच शेतकरी, ऊस तुटायच्या आधी हातात पैसा नसताना आणि ऊस तुटून पैसे मिळाल्यावर, दोन्ही वेळा आकृत्या पूर्ण करायची रेव्हनची टेस्ट दिली. पैसे आल्यावर त्याच माणसांचे मार्क वाढले. त्यावर नंतर बरेच वाद झाले, आकडेमोडीवर शंका घेतल्या गेल्या, तेपण खरं. पण कारखान्याकडं उसाचं बिल थकलेलं असताना आमच्या घरात काय अवस्था असते ते मला माहितीय, साधं पोराचं फीचं पत्रक वाचून डोक्यात शिरत नाही. टेस्टच्या दिवशी मुलीची झोप झाली होती का, पोटात काय होतं का, चष्म्याचा नंबर तपासलाय का, हे कुणी विचारलं का तुम्हाला?

जुळेसोलापूर_आई

सगळ्यांचे खूप आभार, वाचता वाचता रडू आलं. परत जाऊन आकडे लिहून आणलेत. भाषेचा भाग ८१, हाताचा भाग ९७. ठोकळ्यांची नक्षी आणि तुकडे जोडणं यात सगळ्यात जास्त आलेत, शब्दार्थ आणि सामान्य माहिती सगळ्यात कमी. आकडे परत म्हणणं मध्यम. तोंडी गणितपण मध्यमच आहे, ते कसं मला कळलं नाही, घरी तर फटाफट करते.

विणकर अण्णा, तुम्ही सांगितलेलं करून बघितलं. पुस्तकातली पाच उदाहरणं तेलुगूत सांगितली, चार लगेच सुटली, पाचवं भागाकाराचं होतं ते राहिलं. तीच स्वतः वाचून कर म्हटलं तर एक सुटलं. मिस्टर शेजारी बसून बघत होते, आता क्लास बंद करायचं बोलत नाहीत.

माढ्याच्या दादा, डोळे तपासले नाहीत, या आठवड्यात नेते. टेस्टच्या दिवशी ती शाळेतून थेट गेलेली, डबा पण अर्धाच खाल्ला होता.

आता पुढं काय करू सर?

सातरस्ता_समुपदेशक

ताई, ८१ आणि ९७ मध्ये सोळा गुणांचा फरक आहे. एवढा फरक असताना सरासरीला अर्थ उरत नाही, ८९ हा आकडा तिच्या कुठल्याच बाजूचा नाही. रेमंड कॅटेल म्हणून मानसशास्त्रज्ञ होता, त्यानं बुद्धीचे दोन भाग मांडले होते, एक नवीन अडचण समोर आली की तिथल्या तिथं विचार करून सोडवायची ताकद, आणि दुसरा शिकून, वाचून, ऐकून साठत गेलेलं ज्ञान आणि शब्द. तिचं पहिलं वयाच्या सरासरीला लागून आहे. दुसरं मराठीत मोजलंय, तेलुगूत किती साठलंय ते कुणी मोजलेलंच नाही. तोंडी गणितात मध्यम का, तर तिथं प्रश्न मराठी वाक्यांत विचारतात आणि वेळ लावतात, घरी तुम्ही नुसते आकडे सांगता.

पण एक गोष्ट मी झाकून ठेवणार नाही. सगळं भाषेवर ढकलून गप्प बसू नका. पाचवीत येऊन, सहा वर्षं मराठीत शिकून वाचताना अडखळतेय, तर अध्ययन अक्षमता आहे का हे तपासायला पाहिजे. अक्षरांची उलटापालट, जोडाक्षरं गाळणं, फळ्यावरून उतरवताना चुका, असं काही दिसतं का वहीत बघा. ती तपासणी वेगळी असते, वाचन-लेखन-गणिताची, आणि त्यात आयक्यू लागतोच, कारण वाचन मागं आहे पण बुद्धी मागं नाही हे त्यावरून दाखवायचं असतं. तुमचा ९७ तिथं कामाला येईल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता धरलेली आहे, निघालीच तर प्रमाणपत्र मिळतं आणि पुढं बोर्डाला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग ही तपासणी, सिव्हिलमध्ये मानसोपचार विभागात चौकशी करा. आणि जमलं तर तिथं रेव्हनची रंगीत आकृत्यांची टेस्ट मागा, ५ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी असते, बोलायला वाचायला काही लागत नाही, नुसता तुकडा दाखवायचा. घेणाऱ्याला सांगा घरात तेलुगू आहे, सूचना तेलुगूत समजावून दिल्या तर बरं.

घरात तेलुगू बंद करून मराठी सुरू करा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सासूबाईंना सांगा गोष्टी सांगत राहा, भरपूर सांगा. आणि तीच गोष्ट संध्याकाळी तुम्ही मराठीत सांगायला लावा तिला. बाईंना भेटून ८१ आणि ९७ दोन्ही दाखवा, शाब्दिक उदाहरण वर्गात एकदा मोठ्यानं वाचून दिलं तर चालेल का विचारा, बहुतेक शिक्षक हो म्हणतात.

विजापूरनाका_बाबा

मध्येच विचारतो, माझ्या मुलाच्या शाळेतून पण ठशांच्या टेस्टचा फॉर्म आलाय, सोमवारपर्यंत सही करून द्या म्हणालेत. ऐच्छिक लिहिलंय पण वर्गशिक्षक दोनदा विचारालेत. नाही म्हटलं तर पोराला काही होणार नाही ना?

सातरस्ता_समुपदेशक

सही करू नका. ऐच्छिक लिहिलंय तेवढं पुरे आहे, फॉर्मवर नकार लिहा आणि फोटो काढून ठेवा. फारच आग्रह झाला तर लेखी विचारा की ही टेस्ट किती मुलांवर बसवली, आज घेतली आणि महिन्यानं घेतली तर रिपोर्ट तोच येतो हे कुठं तपासलंय, आणि ठशांवरून सांगितलेली बुद्धिमत्ता आणि त्या मुलांचे प्रत्यक्ष मार्क किंवा काम यांचा संबंध लागतो हे कुणी छापलंय. शेवटच्या प्रश्नाचंच उत्तर त्यांच्याकडं नसतं. शिवाय मुलाच्या दहाही बोटांचे ठसे कुठल्यातरी कंपनीच्या कॉम्प्युटरवर जाणार, ते किती दिवस ठेवणार आणि कुणाला देणार हेपण विचारा, पासवर्ड बदलता येतो, बोटं बदलता येत नाहीत. बाकीच्या पालकांना ग्रुपवर हा मेसेज पाठवा, चार-पाच जणांनी एकत्र विचारलं की शाळा सहसा स्कीम मागं घेते. आणि ताई, तुम्ही क्लासवाल्यांना एक अर्ज देऊन मुलीचे ठसे डिलीट करायला सांगा, अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.